ओळखीचं वाटणं आणि ओळखणं

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा ज्यांनी दिलेली नाही, त्यांना ती कशी असते ते आधी सांगते. एका लांबलचक खोलीत ओळीनं टेबलं मांडलेली असतात. एकावर हाड, दुसऱ्यावर औषधी पाण्यात जपून ठेवलेला अवयव, तिसऱ्यावर सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली काचपट्टी, चौथ्यावर एक्स-रे. त्या वस्तूच्या एखाद्या ठिकाणी टाचणी टोचलेली असते किंवा बाण चिकटवलेला असतो, आणि शेजारी चिठ्ठीवर प्रश्न असतो. घंटा वाजली की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकायचं. मिळतो तो मिनिट-दीड मिनिट. या प्रकाराला मुलं 'स्पॉटिंग' म्हणतात. त्यानंतर काचपट्ट्या, रक्ताची तपासणी, रक्तदाब मोजणं आणि शेवटी परीक्षकांसमोरची तोंडी परीक्षा, म्हणजे 'व्हायव्हा'. लेखी परीक्षेत कितीही गुण पडले, तरी इथले किमान गुण वेगळे मिळवावेच लागतात.

मी शरीररचनाशास्त्र शिकवत होते आणि नागपूरच्या नंदनवन भागात राहते. या भागाला विद्यार्थ्यांची सवय आहे. जगनाडे चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत घरोघरी वरच्या मजल्यावर एखाद-दुसरी खोली भाड्यानं दिलेली असते. १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारं नागपूर नुसतं 'मेडिकल' म्हणतं, ते इथून फार लांब नाही. राजे रघुजी नगरातलं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय तर त्याहून जवळ. दंतवैद्यक, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि नर्सिंगची मुलंमुलीही असतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून ती येतात, आणि त्यांतली बरीच जण त्यांच्या घरातून या शिक्षणाला आलेली पहिलीच असतात. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कुणी ना कुणी माझ्या दारात उभं असतं, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. "मॅडम, वाचलं तर सारं होतं, पण टेबलासमोर उभं राहिलं की नावच नाही आठवून राहिलं."

मुलगी खोटं बोलत नसते. तिनं खरंच वाचलेलं असतं, एकदा नाही, चारदा. पुस्तकात पिवळ्या, गुलाबी शाईनं ओळी रंगवलेल्या असतात. चौथ्यांदा पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि या ओळखीच्या वाटण्यालाच ती अभ्यास झाला असं समजते. आपल्या गल्लीतून रोज जाणारा दूधवाला आपल्या ओळखीचाच असतो. पण त्याचं नाव काय, गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर आपण गप्प होतो. पुस्तक समोर असताना ओळखणं आणि पुस्तक मिटून आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं काम विचारतात आणि मुलं सराव पहिल्याचा करतात.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तो एकदाच वाचू दिला आणि मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवत होतं, दुसऱ्यांना ७५. पण आठवड्यानंतर चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे पुन्हा वाचण्याचा फायदा आहे, पण तो त्या संध्याकाळपुरता. आपल्याकडे तिन्हीसांजेला देवापुढं बसवून मुलांकडून परवचा म्हणवून घेत, तेव्हा पाटीकडे पाहू देत नसत. पावकी-निमकी अशीच डोक्यात बसली. त्या वेळी याला कुणी प्रयोग म्हणत नव्हतं, एवढंच.

आता हे हाडांच्या बाबतीत कसं करायचं ते पाहू.

हाडांचा संच बहुतेक मुलांकडे असतो. वरच्या वर्गातल्या कुणाकडून घेतलेला, आणि आता पुष्कळदा प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा. (घरमालकीणबाईंना पिशवीतली कवटी पहिल्यांदा दिसते तेव्हा काय होतं, ते मी इथं सांगत नाही.) मुलं हाड टेबलावर ठेवतात, पुस्तक मांडीवर घेतात आणि पुस्तक वाचतात. याच्या उलट करा. पुस्तक मिटा, हाड हातात घ्या आणि पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा, हे उजवं की डावं? गळ्याजवळचं हाड घ्या, ज्याला आपण हसळी म्हणतो, म्हणजे क्लॅव्हिकल. त्याचं चपटं टोक खांद्याकडे आणि जाड, गोलसर टोक छातीकडे. छातीकडचा दोनतृतीयांश भाग पुढच्या बाजूला फुगीर. खालच्या बाजूला मधल्या भागात एक पन्हाळ. या तीन गोष्टी जुळल्या की बाजू ठरली. मग ते हाड आपल्याच अंगावर त्याच्या जागी धरून पाहा. डाव्या हाडाला उजव्या खांद्यावर धरलं तर ते बसत नाही, हे हाताला कळतं. हाताला एकदा कळलं की घंटेच्या आवाजानं ते पळून जात नाही.

यानंतर डोळे मिटून बोट फिरवा. हा उंचवटा कसला, याला कोणता स्नायू चिकटतो, या खाचेतून कोणती नस जाते, हे मोठ्यानं बोला. मनात नव्हे. मनातल्या मनात उत्तर देताना आपण आपल्याला फार सवलत देतो. अर्धं नाव आठवलं तरी आलं असं म्हणतो आणि पुढं जातो. तोंडानं पूर्ण नाव उच्चारायला लागलं की गाडी कुठं अडते ते लगेच कळतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याची गरज जास्त असते, कारण हे शब्द त्यांनी छापलेले पाहिलेले असतात, तोंडातून काढलेले नसतात. व्हायव्हात ती अडखळतात त्यामागं पुष्कळदा अज्ञान नसतं. तो शब्द त्यांच्या जिभेवरून त्या दिवशी पहिल्यांदा जात असतो.

त्या लॅटिन नावांना भिऊ नका. ती लांब असतात, पण आपल्या नावांसारखीच असतात, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. फ्लेक्सर कार्पाय रेडिॲलिस हा स्नायू घ्या. फ्लेक्सर म्हणजे वाकवणारा, कार्पाय म्हणजे मनगटाचा, रेडिॲलिस म्हणजे अंगठ्याकडच्या रेडियस हाडाच्या बाजूचा. म्हणजे नावातच काम आणि पत्ता दोन्ही. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड ऐकायला भयंकर, पण त्यात त्याची तीन गावं सांगितली आहेत. छातीचं मधलं हाड, हसळी आणि कानामागचा उंचवटा. मध्य प्रदेशात २०२२ साली एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, त्यांतही संज्ञा बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेल्या आहेत. समजावून घेण्याची भाषा मराठी ठेवा, माझी काही हरकत नाही, पण संज्ञेचा उच्चार रोज करा.

मनगटाच्या आठ छोट्या हाडांचा क्रम लक्षात राहत नाही, ही जुनीच अडचण. त्यासाठी इंग्रजीत काही वाक्यं चालतात, ती मी आकाशवाणीवरून सांगू शकत नाही. तुम्ही तुमचं वाक्य बनवा. उदाहरणार्थ, 'सकाळी लवकर टाकीचं पाणी, टमाट्याची टोपली काकूच्या हातात.' स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म ही वरची रांग. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट ही खालची. दोन्ही रांगा अंगठ्याकडून करंगळीकडे. पण वाक्यानं क्रम कळतो, हाड कळत नाही. टेबलावर एकटं कॅपिटेट ठेवलेलं असेल तर काकू मदतीला येत नाहीत. ते ओळखायचं ते त्याच्या गोल डोक्यावरून, आणि आठांत ते सर्वांत मोठं असतं यावरून.

सर्वांत स्वस्त आणि कायम जवळ असलेलं साधन म्हणजे आपलं स्वतःचं शरीर. श्रोते हो, रेडिओ ऐकता ऐकता हे करून पाहा, वैद्यकीय शिक्षणाशी तुमचा संबंध नसला तरी चालेल. कोपर वाकवा. आतल्या बाजूच्या टोकदार हाडाच्या मागं बोट फिरवा. एक दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सटकतं आणि करंगळीपर्यंत मुंग्या येतात. ती अल्नर नस. कोपर आपटलं की शॉक बसल्यासारखं होतं ते हिच्यामुळंच. आता अंगठा ताठ वर करा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. हातावर पडलेल्या माणसाचा हा खळगा दाबून दुखला तर डॉक्टरला त्या हाडाच्या मोडण्याची शंका घ्यावी लागते. आता छातीच्या मधल्या हाडावरून बोट वरून खाली आणा. दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी. तिथून मोजायला सुरुवात केली की कोणतीही बरगडी सापडते, हृदयाचा ठोका कुठं पाहायचा तेही सापडतं. या जागा रोज आंघोळीच्या वेळी चाचपल्या तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी जागावं लागत नाही.

आयुर्वेदाच्या मुलांना यात दुहेरी काम असतं. आधुनिक गणनेत हाडं २०६. सुश्रुतसंहितेत ३००. परीक्षक दोन्ही विचारतात आणि मुलं गोंधळतात की खरी कोणती. सुश्रुतानं हाडांचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार केले. त्यांत रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कूर्चा. आज आपण दात आणि कूर्चा हाडांत मोजत नाही. मोजायचं काय हे ठरवलं की संख्या बदलते, एवढा धागा धरला तर दोन्ही उत्तरं पाठ न करता सांगता येतात. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून मग एकेक थर खरवडून पाहायची रीत याच ग्रंथाच्या शारीरस्थानात दिली आहे. शास्त्र आणि प्रत्यक्ष, दोन्ही पाहिल्याशिवाय ज्ञान वाढत नाही, असा तिथला आग्रह. पिवळ्या शाईचा उल्लेख नाही.

शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मात्र मुलं मागं राहतात. एका टेबलाभोवती गर्दी असते, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात, आणि पुढं दोघं-तिघं हात घालतात, बाकीचे त्यांच्या खांद्यावरून पाहतात. मुली तर हमखास मागच्या रांगेत. पुढं या. त्या टेबलावर जे शरीर आहे ते कुणी इच्छापत्र करून दिलेलं आहे, किंवा ज्याला न्यायला कुणी आलं नाही अशा माणसाचं आहे. राज्यात १९४९च्या शरीररचना कायद्यान्वये ते महाविद्यालयाकडे येतं. पुष्कळ महाविद्यालयांत आता पहिल्या दिवशी त्या देहापुढं शपथ घेतात. शपथ घेऊन मागच्या रांगेत उभं राहणं काही बरं नाही. आमच्या वेळी पहिला टप्पा दीड वर्षाचा होता. १९९७च्या नियमांनी तो एका वर्षावर आला. म्हणजे हॉलमध्ये मिळणारा वेळ तसाच कमी झाला आहे.

काचपट्ट्यांबद्दल एकच गोष्ट सांगते, पण ती महत्त्वाची आहे. मुलं पट्टी ओळखत नाहीत, आपल्या महाविद्यालयाची पट्टी ओळखतात. कोपरा तुटलेली ती थायरॉइड, मध्ये ओरखडा असलेली ती प्लीहा. परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या पेटीतली पट्टी लागली की सगळं संपलं. म्हणून स्वतःला नियम घालून घ्या. कोणतीही पट्टी दोन कारणं सांगितल्याशिवाय ओळखायची नाही. थायरॉइड का? गोल पुटिका आहेत, हे एक. पण दूध येणाऱ्या स्तनाच्या पट्टीतही गोल पोकळ्या दिसतात. मग दुसरं कारण हवं. पुटिकेत एकसारखा गुलाबी कोलॉइड भरलेला आहे. जर्नलमध्ये चित्र काढताना गुलाबी आणि जांभळी पेन्सिल वापरतात, तिथंही पट्टी पाहून, मग ती बाजूला सारून आठवून काढा. शेजारणीच्या जर्नलमधून उतरवलेल्या चित्राचा उपयोग फक्त सहीपुरता.

शरीरक्रियाशास्त्राचं प्रात्यक्षिक वेगळ्या जातीचं. जुन्या डॉक्टरांना बेडकाचा स्नायू आणि फिरत्या नळकांड्यावरचा काजळी कागद आठवत असेल. आता ते आलेख संगणकावर पाहायचे असतात. पण रक्तपेशी मोजणं तसंच राहिलं आहे, आणि तिथं मुलं दोन आकड्यांवर घसरतात. तांबड्या पेशींची संख्या दहा हजारांनी गुणायची, पांढऱ्यांची पन्नासानं. पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. पाठ करूच नका, हिशेब करा. मोजणीच्या काचेवर तांबड्या पेशी आपण ८० बारीक चौकोनांत मोजतो. एक चौकोन एका चौरस मिलिमीटरचा चारशेवा भाग, आणि काचेखालची खोली एक दशांश मिलिमीटर. म्हणजे ८० चौकोनांत रक्ताच्या द्रावणाचा पन्नासावा घन मिलिमीटर आला. रक्त दोनशे पट पातळ केलेलं होतं. पन्नास गुणिले दोनशे, दहा हजार. पांढऱ्या पेशींसाठी एकेका चौरस मिलिमीटरचे चार मोठे चौकोन, म्हणजे शून्य दशांश चार घन मिलिमीटर, आणि रक्त वीस पट पातळ. वीस भागिले शून्य दशांश चार, पन्नास. निरोगी पुरुषाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. तुमचं उत्तर पंचवीस हजार आलं, तर परीक्षकांकडे जाण्याआधी थांबा. असा माणूस समोरच्या स्टुलावर बसून तुम्हाला बोट टोचू देत नसतो.

एम.बी.बी.एस.ला २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात हातानं करून दाखवण्यावर भर आहे. परीक्षक काही न बोलता कागदावर पायऱ्यांपुढं खुणा करत जातात. रक्तदाब मोजताना आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज घेतला का, ही एक पायरी. ती गाळून थेट स्टेथोस्कोप लावला तर काही रुग्णांत मध्येच आवाज नाहीसा होतो आणि वरचा दाब कमी मोजला जातो, म्हणून ती आहे. खोलीतल्या मैत्रिणीला कागद-पेन्सिल देऊन बसवा आणि तिच्याकडून खुणा करून घ्या. याच यादीत आणखी एक पायरी असते, रुग्णाला काय करणार ते समजावून सांगणं. इथं आपल्या मुलांनी मागं राहायचं काहीच कारण नाही. "काका, हात सैल सोडा, पट्टा थोडा आवळल्यासारखा वाटेल, घाबरू नका," हे इंग्रजीतून पाठ करत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. समोर बसलेल्या काकांना इंग्रजी येत नसतं.

नंदनवनातल्या एका खोलीत चार मुलींनी सुरू केलेली पद्धत मला फार आवडली. स्वयंपाकाच्या ओट्यावर, खिडकीत, पलंगावर, जिन्याच्या पायरीवर वीस चिठ्ठ्या आणि वीस वस्तू. हाडं, पुस्तकातल्या चित्रांच्या नावं झाकलेल्या छायाप्रती, एक्स-रेची जुनी फिल्म. मोबाइलवर मिनिटामिनिटाला गजर. एकीनं मांडायचं, तिघींनी फिरायचं, रविवारी मांडणारी बदलायची. पहिल्या रविवारी वीसपैकी सहा-सात बरोबर येत, आणि रडू येई. पण कोणतं येत नाही ते कळे, आणि सोमवारपासून तेवढंच करायचं असे. प्रश्न सोडून पुढं गेलं तर चिठ्ठी कोरी ठेवायची नाही, असाही त्यांचा नियम होता. अवयवाचं नाव नाही आठवलं तरी बाजू लिहा, शेजारून काय जातं ते लिहा. दंडाच्या हाडामागची तिरपी पन्हाळ ओळखता आली की रेडिअल नस आपोआप आठवते, कारण ती तिथूनच जाते.

यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. नर्सिंगच्या मुलीला कुल्ल्याच्या स्नायूचे चार भाग करून वरचा बाहेरचा भाग ओळखायला लावतात, कारण भलत्या भागात सुई गेली तर सायटिक नसेला इजा होऊन माणसाचा पाय लुळा पडू शकतो. ती मुलगी दोन वर्षांनी गावच्या उपकेंद्रात एकटी असते. तिथं टाचणी लावून ठेवलेली नसते.

आता व्हायव्हा. परीक्षक प्रश्न विचारतात असं मुलांना वाटतं. निम्म्याहून अधिक प्रश्न मुलांच्या उत्तरातून निघतात. तुम्ही बोलता बोलता एखाद्या दुर्मीळ आजाराचं नाव टाकलंत, तर पुढचा प्रश्न त्यावरच येणार. ज्याच्याबद्दल आणखी तीन वाक्यं बोलता येतील तेच तोंडातून काढा. हाड हातात दिलं की पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा, हे डाव्या बाजूचं फीमर आहे, आणि ते शरीरात असतं तसं धरून बोलायला लागा. हाताला काम मिळालं की आवाज स्थिर होतो. येत नसेल तर येत नाही म्हणा, लगेच म्हणा. गप्प बसण्यात जो मिनिट जातो, तेवढ्यात दोन सोपे प्रश्न होऊन गेले असते. इंग्रजी व्याकरण तपासायला तिथं कुणी बसलेलं नसतं. मध्येच मराठी वाक्य आलं म्हणून गुण कापणारा परीक्षक मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

शेवटची रात्र नवीन धडा वाचण्यासाठी वापरू नका, झोपा. सकाळी पोटात काहीतरी जाऊ द्या. तर्री-पोहे नकोत, साधे पोहे. ॲप्रन, नावाची पट्टी, स्टेथोस्कोप, रंगीत पेन्सिली आणि घड्याळ रात्रीच पिशवीत भरून ठेवा. जर्नलवरच्या सह्या मात्र आठ दिवस आधी पूर्ण करून घ्या, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळी कुणाला सापडत नाही.